वृद्धनिवासातील रहस्यकथा

वृद्धनिवासात जाताना आम्ही दोन कपाटे पुस्तके वाटून टाकली. ठेवली ती ज्ञानेश्वरी आणि, हसू नका, बाबूराव अर्नाळकरांची झुंजार व काळापहाड यांची पुस्तके. अर्नाळकरांनी रहस्यकथा लिहिल्या हजारावर; आमच्या फळीवर मावल्या 14.

शेजारचे मास्तर म्हणतात, "खुनी ठाऊक असताना पुन्हा काय वाचता?"

आम्हांला ठाऊक आहे. परंतु आमच्या पत्नीची स्मृती आता टिकत नाही. दिवेलागणीला आम्ही मोठ्याने वाचतो. तीच कथा तिला दर वेळी नवी. ती नेमका निरपराध माणसावर संशय घेते. आम्ही शेवट फोडीत नाही. पुस्तक मिटले की मात्र विचारते, "आता घरी केव्हा जायचं?" तेवढे ती एकदाही विसरलेली नाही. आम्ही म्हणतो, "हे प्रकरण संपू दे."