ओल्या गोणपाटातलं गणित आणि विज्ञान



आज बोलायचंय ते सहावी, सातवी, आठवीत शिकणाऱ्या आपल्या लेकरांबद्दल. या वयात घराघरांत एक वाक्य कानावर येतं, "हिला गणित जमत नाही." एकदा हे वाक्य पोरीला चिकटलं की ती विज्ञानालाही भिऊ लागते. कारण विज्ञानात वेग येतो, घनता येते, आणि तिथे भागाकार लागतो. पोर अडते गणितात आणि आपण म्हणतो, विज्ञान अवघड आहे.

गंमत अशी, की शाळेत गणिताचा तास वेगळा, विज्ञानाचा तास वेगळा. एका वहीत टक्केवारी, दुसऱ्या वहीत बियांचं अंकुरण. या दोन वह्या एकमेकींना कधी भेटतच नाहीत. आपल्या घरी मात्र त्या रोज भेटतात. सोयाबीनचंच बघा.

पेरणीआधी घरच्या बियाण्याची उगवण तपासा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. रीत सोपी आहे. बियाण्याच्या ढिगातून सगळीकडचं थोडं थोडं घ्यायचं, वरवरचं नाही. शंभर दाणे मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून अलगद गुंडाळायचं. अशा तीन गुंडाळ्या सावलीत ठेवायच्या, अधूनमधून पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे.

आता हेच काम मुलांच्या हाती द्या. समजा, एका गुंडाळीत 62 उगवले, दुसरीत 57, तिसरीत 61. बियाणं एकच, मग आकडे वेगळे का? हा प्रश्न विज्ञानाचा. मग खरा आकडा कोणता धरायचा? इथे गणित येतं. बेरीज 180, भागिले तीन, सरासरी 60. शंभरातले साठ, म्हणजे 60 टक्के. टक्केवारी म्हणजे काय, हे मुलीनं बोटानं मोजलेलं असतं. ते ती विसरत नाही.

पुढचा प्रश्न आईचा असतो, "मग एकरी किती बी टाकू?" उगवण 70 टक्के असेल तर एकरी 30 किलो बियाणं धरतात. म्हणजे 30 किलोतलं 21 किलो उगवणारं. आपलं बियाणं 60 टक्क्यांचं. त्यातून तेच 21 किलो मिळवायचं तर 35 किलो लागेल. उगवण कमी, तर बियाणं जास्त. आठवीच्या गणितात यालाच व्यस्त चलन म्हणतात. पुस्तकात ते मजूर आणि दिवस यांच्या उदाहरणात असतं, इथे ते आपल्या पेरणीत आहे. हा हिशेब चुकला तर शेत विरळ उगवतं, आणि दुबार पेरणीचा खर्च कसा कंबर मोडतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. उगवण निम्म्याच्या आसपासच असेल, तर मात्र पेरण्याआधी कृषी विभागाला विचारा.

मुलं इथे थांबत नाहीत. चाळीस दाणे का उगवले नाहीत? सोयाबीनचं साल पातळ असतं. मळणी यंत्र जोरात फिरलं, पोती आपटली, थप्पी उंच लावली, की दाणा आतून दुखावतो. हे खरं का, तेही तपासता येतं. हातानं झोडपलेले शंभर दाणे आणि यंत्रातून काढलेले शंभर दाणे, दोन्ही एकाच शेतातले. बाकी सगळं सारखं ठेवायचं, फरक एकाच गोष्टीत. उघडण्याआधी प्रत्येकानं अंदाज वहीत लिहायचा. आकडा अंदाजाविरुद्ध आला तरी खोडायचा नाही. विज्ञानाची शिस्त ती हीच.

मैत्रिणींनो, शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीसाठी गणित आणि विज्ञान मिळून एक शिक्षक धरला आहे. बऱ्याच शाळांत दोन्ही विषय एकच सर किंवा बाई शिकवतात. म्हणजे दोन वह्या एकत्र आणणं अवघड नाही. याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला ठरवल्या आहेत. त्या खुर्चीवर नुसती सही करायला बसू नका.

समितीच्या बैठकीत दोन गोष्टी मागा. एक, उन्हाळी सुट्टीआधी ही चाचणी वर्गात व्हावी. गोणपाट आणि बियाणं आपला गट देईल. दोन, मोजणी आणि हिशेब मुलींच्या हातीही असावा, त्यांना नुसतं पाणी शिंपडायला ठेवू नये. सुट्टीत बियाण्याची उगवण बदलू शकते, म्हणून पेरणीच्या तोंडावर मुलांनी हीच चाचणी घरी पुन्हा करावी. रब्बीत हरभरा आहेच.

आणि आपलं अक्षरज्ञान कमी आहे म्हणून मागे राहू नका. बियाणं निवडणं, पाखडणं, जपणं हे ज्ञान तुमचं आहे. मुलीला फक्त एवढंच विचारा, "किती उगवले? मग किती पेरू?" तिनं काढलेल्या हिशेबावर घरानं पेरणी केली, की "हिला जमत नाही" म्हणायची कुणाची छाती होणार नाही.