दोन घरांची मुले
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या संस्थेच्या व्यासपीठावरून मी अमेरिकेतल्या एका विद्यार्थी-मंडळाची हकीकत सांगणार आहे, याचे काहींना नवल वाटेल. पण ज्यांची मुले उद्या शिकायला बाहेर जाणार आहेत, त्यांनी ती जरूर ऐकावी.

कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठात शिकवीत असताना मी काही वर्षे मिश्र वंशाच्या विद्यार्थ्यांच्या मंडळाचा सल्लागार होतो. तिथे मंडळ नोंदवायचे तर लेखी घटना लागते, पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात आणि एक प्राध्यापक लागतो. माझ्याकडे ती मुले आली ती माझी विद्वत्ता पाहून नव्हे. माझी पत्नी तिथली, कृष्णवर्णीय. आमची मुलगी पहिलीत असताना एक दिवस रडत घरी आली. शाळेच्या फॉर्मवर वंशाचा एकच चौकोन भरायचा होता आणि तिने दोन भरले होते. ही गोष्ट कुणीतरी त्या मुलांच्या कानावर घातली होती.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चौकोनाचे काय? पण त्या देशात या चौकोनामागे कायदा उभा होता. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या गोऱ्या-काळ्या जोडप्याने १९५८ साली लग्न केले, म्हणून व्हर्जिनिया राज्याने त्यांना गुन्हेगार ठरवले. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द केले, तेव्हा ते आणखी पंधरा राज्यांत शिल्लक होते. कॅलिफोर्नियातला कायदा १९४८ सालीच गेला होता. तत्पूर्वी तिथल्या इंपीरियल खोऱ्यात शेती करणाऱ्या पंजाबी लोकांना गोऱ्या बाईशी सहसा लग्न करता येत नव्हते आणि १९१७ च्या कायद्यामुळे गावाकडून बायको आणणेही जवळजवळ अशक्य होते. त्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी संसार थाटले. त्यांत शीख बहुसंख्य, काही मुसलमानही. मुलांची नावे स्पॅनिश आणि आडनाव सिंग किंवा खान! बंगाली खलाशी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये असेच मिसळून गेले. बोटीवरच्या नोकरीवर गावेच्या गावे जगलेल्या आपल्या कोकणाला यात परके असे काय आहे?

आता मंडळाविषयी. पहिल्या सभेला मुले येतात ती बोलायला. 'तू नेमकी कोण?' हा प्रश्न जन्मभर ऐकून ती कंटाळलेली असतात. आजीची भाषा येत नाही, केस आईसारखे नाहीत, बापाबरोबर बाजारात गेले की लोक वळून पाहतात. हे सारे दोन-तीन सभांत बोलून होते. चौथ्या सभेला काय करायचे, हा खरा प्रश्न. इतर मंडळांना सण असतो, नाच असतो, एक भाषा असते. यांच्यापाशी समान असे एकच, की समान काही नाही. आम्ही जेवण ठेवून पाहिले. प्रत्येकाने घरचे दोन पदार्थ आणायचे. (माझ्या सांदणाला कुणी हात लावीना, ते सोडा.) जेवणाला साठ माणसे येत, दुसऱ्या दिवशी हिशेब लिहायला दोन. शिवाय चार वर्षांनी पदवी घेऊन चांगला कार्यकर्ता निघून जातो आणि वही कुणाकडे राहिली ते कळत नाही.

पण मंडळ मोडकळीला आले ते या कशानेही नव्हे, नावावरून. बर्कलेच्या विद्यार्थ्यांनी १९९२ साली 'हापा इश्यूज फोरम' काढली होती. हापा हा हवाई बेटांतला शब्द. तो अर्ध्या आशियाई मुलांसाठी रूढ झाला होता. आमच्याकडेही आई जपानी वा चिनी आणि बाप गोरा अशी मुले बहुसंख्य, म्हणून तेच नाव घ्यावे असे ठरत आले. तेव्हा मागे बसलेला एक मुलगा उठला. त्याचा बाप कृष्णवर्णीय, आई मेक्सिकन. त्याने विचारले, "यात मी कुठे?" कुणी उत्तर दिले नाही. मीही दिले नाही. मुलांचे मंडळ, मुलांनीच ठरवावे, अशी मी स्वतःची समजूत घातली. तो पुन्हा आला नाही, आणि त्याच्यामागे आणखी चार-पाच जण गेले.

मी गप्प का बसलो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या लग्नानंतर घरून आलेल्या पहिल्या पत्रात सुनेच्या शिक्षणाची चौकशी नव्हती, स्वभावाची नव्हती. रंग कसा, एवढेच विचारले होते. त्या पत्रालाही मी कधी उत्तर दिले नव्हते. पालकहो, 'सून गोरी आहे ना?' हे आपण किती सहज विचारतो! पुढे त्या घरात जन्मणारे मूल तो प्रश्न ऐकत वाढते.

त्याच सुमारास जनगणनेचा वाद चालू होता. 'मिश्र' असा वेगळा चौकोन हवा, असे काही संघटना म्हणत. कृष्णवर्णीयांच्या जुन्या संघटनांचा त्याला विरोध होता. आपली संख्या घटेल आणि हक्कांच्या अंमलबजावणीला धक्का बसेल, ही त्यांची भीती. ती मला खोटी वाटली नाही. माझी पत्नीही त्याच मताची होती, आणि आमच्या घरी यावर जेवणे थंड झाली आहेत. अखेर १९९७ साली सरकारने मधला मार्ग काढला: वेगळा चौकोन नाही, पण एकाहून अधिक चौकोनांवर खूण करता येईल. २००० सालच्या गणनेत ६८ लाख लोकांनी तसे केले, म्हणजे २.४ टक्के. २०२० साली हा आकडा ३ कोटी ३८ लाखांवर गेला, १०.२ टक्के, अर्थात उत्तरे नोंदवण्याची पद्धत सुधारली, हेही त्या वाढीचे एक कारण आहे.

मंडळाने पुढे नाव बदलले. मी त्या मुलाला गाठून तसे सांगितले. तो म्हणाला, "सर, माझी परीक्षा आहे."

२००० सालचा फॉर्म आमच्या घरी आला तेव्हा मुलगी सोळा वर्षांची होती. फॉर्म मीच भरते, म्हणाली. स्वतःच्या नावापुढे तिने दोन खुणा केल्या, आईच्या नावापुढे एक. माझ्या नावापाशी थांबली आणि म्हणाली, "अब्बा, तुमच्या आजीची आई कुठली होती, ते तुम्ही कधी सांगितलेच नाही."