बिऱ्हाड हलविण्यापूर्वी

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण सहज म्हणून जातो. माणसाचे बिऱ्हाड पाठीवर मावत नाही. ते मालमोटारीत चढवावे लागते, आणि मालमोटारीतही त्याचा निम्माच भाग चढतो. भांडीकुंडी, कपाटे, अंथरुणे-पांघरुणे एका दिवसात नव्या गावी पोचतात. मुलांची शाळा, वृद्धांच्या सवयी, शेजारचा घरोबा आणि सरकारदप्तरी नोंदलेला पत्ता यांना तेथे पोचावयास कित्येक महिने लागतात. असे असूनही तयारी म्हणजे दोऱ्या नि खोकी जमविणे, एवढाच अर्थ पुष्कळ घरांतून केला जातो, आणि मग स्थलांतराचे हाल वर्षभर पुरतात.

श्रोतेहो, बिऱ्हाड हलविण्याचे इतिहासातील सर्वांत बदनाम उदाहरण मुहम्मद तुघलकाचे आहे. १३२७ साली त्याने दिल्लीतील मातबर मंडळींना परिवारासह देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस नेले आणि काही वर्षांनी परत जाण्याची मोकळीक दिली. राज्य दक्षिणेत पसरले असता राजधानी मध्यावर असावी, हा विचार काही वेडगळ नव्हता. पण ज्यांना हलवावयाचे त्यांच्या मनाचा विचार झाला नाही, म्हणून ती योजना म्हणीपुरती उरली. याउलट दौलतराव शिंद्यांनी १८१० साली उज्जैन सोडून ग्वाल्हेरीस मुक्काम केला. त्या छावणीभोवती पेठा वसल्या, घरे उठली, आणि शहराच्या त्या भागास आजही लष्कर असेच म्हणतात. छावणीचे गाव झाले, कारण छावणीबरोबर माणसांचे सारे व्यवहारही तेथे रुजले. घरातील कर्त्या माणसाने या दोहोंपैकी कोणाचा कित्ता गिरवावयाचा, हे बदलीचा हुकूम हाती पडताच ठरविले पाहिजे.

एक उदाहरण घ्यावे. बेळगावचे एक कुटुंब कोल्हापुरास राहावयास जाणार आहे, असे समजावे. पतीपत्नी, नववीत शिकणारी मुलगी, आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. अंतर सुमारे ११० किलोमीटर. सकाळी निघावे नि जेवावयास पोचावे इतके. हेच कुटुंब बंगळुरास जाणार असते तर सुमारे ५०० किलोमीटर जावे लागते. परंतु कागदपत्रांच्या दृष्टीने बंगळूर जवळ आणि कोल्हापूर दूर आहे, कारण वाटेत राज्याची सीमा लागते. इंदूरहून, बडोद्याहून किंवा हैदराबादेहून पुण्यास येणाऱ्यांचीही हीच गोष्ट. सामानाचे भाडे मैलांवर ठरते. तयारीचा काळ मात्र सीमेवर ठरतो. असा काळ दोन महिन्यांहून कमी धरू नये.

प्रथम मुलीच्या शाळेचा विचार करावा. वर्षाच्या मध्यावर शाळा बदलणे कोणत्याही इयत्तेत कष्टाचे असते. नववी-दहावीत तर राज्य बदलले की परीक्षा मंडळ बदलते, पाठ्यपुस्तके बदलतात, भाषाविषयांची मांडणीही बदलते. म्हणून शक्य तर वर्ष पुरे होऊ द्यावे. पतीने पुढे जाऊन काही महिने एकट्याने काढावे लागले तरी चालेल. शाळा सोडल्याचा दाखला घेताना नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ अक्षर न् अक्षर वाचून पाहावे. त्यातील एक चूक पुढे आयुष्यभर पुरते. परराज्यात प्रवेश घेताना या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी बहुधा मागतात, तीही निघण्यापूर्वी घ्यावी. आठवीपर्यंतच्या मुलांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा आधार आहे. सरकारी वा अनुदानित शाळेत जावयाचे असल्यास मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ दिला पाहिजे, आणि दाखला पोचावयास विलंब झाला एवढ्यावरून नव्या शाळेस प्रवेश अडविता येत नाही. आणखी एक गोष्ट बेळगावकरांनी ध्यानी ठेवावी. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशनियमांत वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी निराळी तरतूद ठेवण्यात आली आहे. दहावी-बारावी कोठून केली यावर तिचा लाभ अवलंबून असल्याने, दाखला काढण्यापूर्वीच चालू वर्षाचे नियम पाहून घ्यावेत.

दुसरे काम घराचा करार. महाराष्ट्रात घर भाड्याने घेतल्यास १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. ही जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. नोंदणीचा आग्रह धरणे म्हणजे मालकावर अविश्वास दाखविणे नव्हे. तोच कागद पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून आधार, बँक आणि गॅस या सर्व ठिकाणी उपयोगी पडतो. जुन्या घरमालकासही करारात ठरलेल्या मुदतीची सूचना लेखी द्यावी आणि अनामत रकमेचा हिशेब किल्ली देण्यापूर्वी मिटवावा.

वाहन असल्यास त्याचाही पत्ता बदलावा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नवा पत्ता ३० दिवसांच्या आत कळवावा लागतो, आणि वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ राहणार असल्यास तेथील क्रमांक घ्यावा लागतो. बेळगावच्या केए २२ चे कोल्हापुरात एमएच ०९ व्हावयाचे, तर बेळगावच्या कार्यालयाचा ना हरकत दाखला आधी हवा. तो मागण्यासाठी पुन्हा सीमा ओलांडून येण्यापेक्षा निघण्यापूर्वी घेतलेला बरा. गॅसचे सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून अनामत परत घ्यावी व जोडणी बंद केल्याचा कागद घ्यावा. तो दाखवून नव्या गावी जोडणी मिळते. भरलेले सिलिंडर सामानात दडवून नेणे हा जिवाशी खेळ आहे. मतदारयादीतील नावासाठी निवडणूक आयोगाचा नमुना ८ भरावा. शिधापत्रिकेची चिंता मात्र थोडी हलकी झाली आहे. अन्नसुरक्षा योजनेतील कुटुंबांना २०२२ पासून देशातील सर्व राज्यांत कोठेही आपले धान्य उचलता येते. तरीही कायमचे जाणाऱ्यांनी जुनी नोंद कमी करून नवी करवून घ्यावी, हेच योग्य.

हे झाले कागदांचे. आता सासूबाईंविषयी. सामान कमी करावयाचे म्हटले की पहिली कुऱ्हाड वृद्धांच्या वस्तूंवर पडते. दगडी पाटा, उखळ, पितळी घंगाळ, जुनी लाकडी पेटी, विटलेली वाकळ यांचा नव्या, तिसऱ्या मजल्यावरील जागेत उपयोग नाही, हे खरे. पण ज्या पाट्यावर एका बाईने चाळीस वर्षे वाटण वाटले, तो तिला न विचारता भंगारवाल्याच्या गाडीवर चढला, तर त्या दिवशी घरातील तिचा अधिकारही त्याच गाडीवरून जातो. म्हणून सोडावयाच्या वस्तूंची यादी त्यांच्यासमोर बसून करावी. पाटा शेजारच्या सुनेला द्यावा की गावाकडे धाडावा, हे त्यांनाच ठरवू द्यावे. आणि एखादी निरुपयोगी वस्तू न्यावयाचीच असे त्या म्हणाल्या, तर ती मुकाट्याने न्यावी. मालमोटारीत तेवढी जागा असते.

वृद्धांना शक्य तर नवे घर आधी एकदा दाखवून आणावे. रात्री उठल्यावर मोरी कोणत्या हातास आहे, जिन्याला कठडा आहे की नाही, जवळ देऊळ वा चर्च कोठे, सकाळी बसावयास बाकडे कोठे, एवढे ठाऊक झाले तरी परकेपण पुष्कळ कमी होते. जुन्या डॉक्टरांकडून आजाराची सारी कागदपत्रे आणि महिनाभर पुरेल इतके औषध घ्यावे. निवृत्तिवेतन असल्यास बँकेत नवा पत्ता कळवावा. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो पत्ताबदलाच्या गडबडीत राहू देऊ नये.

बांधाबांध शेवटच्या आठवड्यातील काम. पुस्तके लहान खोक्यांत भरावीत. मोठ्या खोक्यात भरली तर ती उचलणाऱ्याची पाठ आणि खोक्याचा तळ, दोन्ही जातात. काचेच्या आणि चिनी मातीच्या बशा आडव्या न रचता उभ्या लावाव्यात, आणि गोधड्या-चादरींचाच गुंडाळण्यास उपयोग करावा. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करावा व उभाच न्यावा. पलंगाचे खिळे-मळसूत्रे एका पिशवीत घालून ती पलंगालाच बांधावी. प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालावा आणि कोणत्या क्रमांकात काय, याची वही करावी. वाहतूकदाराकडून माल मिळाल्याची पावती घ्यावी आणि सामानाची किंमत कागदावर नोंदवावी. २००७ च्या कायद्याप्रमाणे मालाची हानी झाल्यास दावा करण्यापूर्वी बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. ती देताना ही वहीच साक्ष देते. दागिने, दाखले, खतपत्रे आणि औषधे मालमोटारीत कधीही देऊ नयेत.

एक खोके सर्वांत शेवटी चढवावे, म्हणजे ते सर्वांत आधी उतरेल. त्यात चहा, साखर, डाळ-तांदूळ, कुकर, चार ताटे, विजेचा दिवा, बॅटरी, आगपेटी, साबण, पंचे आणि एक सुरी असावी. नव्या घरी पोचल्यावर बैठकीची खोली सजविण्याच्या आधी सासूबाईंची खाट लावावी आणि मुलीचे टेबल मांडावे. त्या दोघी स्थिर झाल्या की घर स्थिर झाले. उरलेली खोकी आठ दिवस तशीच राहिली तरी कोणाचे काही बिघडत नाही.

जुने घर सोडताना दूधवाला, वाणी, पेपरवाला आणि मोलकरीण यांची देणी चुकती करावीत. खोल्या झाडून, दिवे लागतील नि नळ नीट बंद होतील अशा स्थितीत घर परत करावे, कारण उद्या तेथे दुसऱ्या कोणाचे तरी बिऱ्हाड येणार असते. शेजाऱ्यांचा निरोप उंबऱ्यावर घाईने घेऊ नये. आदल्या संध्याकाळी घटकाभर बसून घ्यावा आणि नवा पत्ता कागदावर लिहून त्यांच्या हाती द्यावा. मराठी माणूस निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. पत्ता हाती दिलेला असला म्हणजे त्या शब्दाला अर्थ राहतो.