फ्रीलान्स डिझाइनचं एक वर्ष: तासाचे तीन भाव

आजच्या भागात पाहुणे नाहीत, मी एकटाच बोलणार आहे, आणि तेही पैशांबद्दल.

आर्थिक वर्ष २०२४-२५ हे माझं फ्रीलान्स डिझाइनचं पहिलं पूर्ण वर्ष. त्याआधी मी एका कंपनीत फ्रंटएंडचं काम करायचो. "काय रे, कसं चाललंय तुझं?" हे आत्यापासून जुन्या टीम लीडपर्यंत सगळे विचारतात. "मस्त चाललंय" असं सांगून सांगून मलाच कंटाळा आलाय. म्हणून आज आकडे घेऊन बसलोय. दुसरं वर्ष करायचं की परत नोकरी बघायची, हे पण शेवटी सांगतो.

आधी ढोबळ हिशोब. नऊ क्लायंट, चौदा कामं. बिलं केली ११ लाख ४० हजारांची. ३१ मार्चपर्यंत आले ९ लाख ८५ हजार, कापलेला टीडीएस धरून. बाकीची बिलं मार्चमधलीच आहेत, त्यांची मुदत अजून संपलेली नाही. खर्च झाला १ लाख ६२ हजार. त्यात लॅपटॉपचा हप्ता, सॉफ्टवेअरची वर्गणी, इंटरनेट, प्रवास आणि सीएंची फी आली. सेवा देणाऱ्यांना जीएसटीची नोंदणी २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, त्यामुळे तो विषय अजून दूर आहे.

आता मुद्दा. मी इंजिनीअर माणूस, टायमर लावून काम करायची सवय. वर्षभरात एकूण २,०८० तास भरले. त्यातले प्रत्यक्ष डिझाइनचे, म्हणजे ज्याचं बिल लागलं असे, १,१५० तास. ह्याच्यावरून तासाचे तीन भाव निघतात.

पहिला भाव: बिलाची रक्कम भागिले डिझाइनचे तास. साधारण ९९० रुपये. कोटेशन देताना हाच आकडा डोक्यात असतो, ऐकायला पण बरा वाटतो.

दुसरा: तीच रक्कम भागिले सगळे तास. ५४८ रुपये.

तिसरा: हातात आलेले पैसे, त्यातून खर्च वजा, भागिले सगळे तास. ३९५ रुपये.

माझ्या जुन्या पगाराचा असाच हिशोब केला तर तासाला ४७५ पडायचे. वर पीएफ आणि मेडिक्लेम वेगळा. म्हणजे "माझा रेट हजार रुपये आहे" असं मी मित्रांना सांगू शकतो, आणि त्याच वेळी मी नोकरीपेक्षा कमी कमावतोय. दोन्ही खरं आहे.

मग उरलेले ९३० तास गेले कुठं? टायमरमध्ये सगळं आहे. मीटिंग आणि कोटेशन ३१० तास. ठरल्यापेक्षा जास्त झालेले बदल २६० तास. मजकूर दुरुस्त करणं १४०. शिकणं आणि हिशोब १३०. आणि पैशांसाठी पाठपुरावा ९० तास.

मजकूर दुरुस्तीबद्दल थोडं सांगतो, कारण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागतं. क्लासचं माहितीपत्रक करायचं असतं, आणि मजकूर येतो डीटीपीवाल्याकडून, जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये. तो युनिकोडमध्ये आणायचा, म्हणजे रफार आणि वेलांट्या कुठं उडाल्यात ते ओळ न् ओळ बघायचं. ॲपच्या स्क्रीनचं वेगळंच. इंग्रजीसाठी बनवलेल्या डिझाइनमध्ये नुसतं मराठी टाकलं की वरच्या मात्रा कापल्या जातात, म्हणून ओळींमधलं अंतर वाढवावं लागतं. कोणी अक्षरांमधलं अंतर वाढवून ठेवलं असेल तर शिरोरेषाच तुटते. मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेचा मुक्ता फाँट मोफत मिळतो, मी तो भरपूर वापरतो. पण नुसता फाँट बदलून हे सगळं सुटत नाही, कोणीतरी बसून बघावं लागतं. आणि ते काम "किरकोळ" समजून बिलात येत नाही.

पाकिटाचं डिझाइन पण तसंच. इथं नाशिकमध्ये एका चिवड्याच्या दुकानाचं पाकीट केलं. चित्र दोन दिवसांत झालं. पण मागच्या बाजूला एफएसएसएआयचा चौदा आकडी लायसन्स नंबर, हिरवा ठिपका, निव्वळ वजन, बॅच नंबर, घटक पदार्थ हे सगळं नीट बसवण्यात आठवडा गेला. ते काका मात्र एकदम सरळ. फायनल प्रूफ बघितलं, "किती द्यायचेत सांग," म्हणाले, आणि मी चहा संपवायच्या आत यूपीआयवर पैसे आले.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. माझ्या बिलांपैकी ३६ टक्के रक्कम एकाच कंपनीची होती. नाव घेणार नाही. त्यांच्या ॲपचे मराठी स्क्रीन मी केले. काम मजेचं होतं, टीम पण चांगली. ऑक्टोबरमध्ये काम दिलं, त्यांनी मान्य केलं, २ लाख ४० हजारांचं बिल गेलं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. "प्रोसेसमध्ये आहे सर." फेब्रुवारीत पण तेच.

इथं कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. २००६ चा एमएसएमईडी कायदा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून काम घेतलं तर लेखी करारात ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काही नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. त्याच्यावर २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३बी-एच आणलं: ह्या मुदतीपलीकडे थकवलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येते. म्हणून मार्च महिन्यात अकाउंट्सवाल्यांना हे कलम बरोबर आठवतं.

ह्यासाठी तुमची उद्यम नोंदणी हवी. ती ऑनलाइन होते, सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे, आधार आणि पॅन लागतं. काम घ्यायच्या आधीच करून ठेवा. माझी एप्रिलमध्येच झाली होती.

तरी मेल पाठवावा की नाही ह्यावर मी पंधरा दिवस काढले. कारण साधं आहे. तीन रुपयांतला एक रुपयापेक्षा जास्त ज्यांच्याकडून येतो, त्यांना कायदा दाखवायचा? आई म्हणाली, "तुझ्या कष्टाचे पैसे मागतोयस, उसने नाही." शेवटी मार्चच्या पहिल्या आठवड्यात मेल केला. चार ओळी, बिलाची तारीख, उद्यमचं सर्टिफिकेट जोडलेलं. व्याज मागितलं नाही. दोन दिवसांनी अकाउंट्समधून फोन आला, "सर, तुमचं सर्टिफिकेट मिळालं, ह्याच महिन्यात टाकतोय." मार्च संपायच्या आत पैसे आले, १० टक्के टीडीएस कापून. तो फॉर्म २६एएसमध्ये दिसतो, रिटर्न भरताना हिशोबात धरला जातो. जाता जाता, ह्या टीडीएसची वर्षाची मर्यादा ३० हजार होती, १ एप्रिल २०२५ पासून ती ५० हजार झाली.

पैसे आले, पण त्यानंतर त्या कंपनीकडून नवीन काम आलेलं नाही. मेलमुळेच असं मी म्हणणार नाही, त्यांनी तसं काही सांगितलेलं नाही. पण नवीन वर्ष मी त्यांना शून्य धरून सुरू करतोय.

तर निर्णय. दुसरं वर्ष करतोय, पण ३० सप्टेंबरपर्यंत. तोपर्यंत तिसरा भाव, तो ३९५ वाला, ४७५ च्या वर गेला नाही तर नोकरीसाठी अर्ज करणार. आशा का वाटते? जास्तीचे बदल आणि मजकूर दुरुस्ती मिळून ४०० तास होतात. त्यातले निम्मे जरी बिलात आले तरी भाव ४९० च्या आसपास जातो. त्यासाठी एकही नवीन क्लायंट लागत नाही.

कोटेशनचा नमुना त्यानुसार बदललाय. मजकूर दुरुस्ती ही वेगळी ओळ, पानामागे दर. दोन फेऱ्यांपर्यंत बदल फुकट, पुढे तासाने. ५० टक्के आगाऊ. आणि मूळ फाइल व हक्क पूर्ण पैसे आल्यावर. हक्कांचं लेखीच ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी, सहीनिशी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जातात. क्लायंटला हे समजावून सांगितलं की तोही ही ओळ आनंदाने ठेवतो, कारण त्याचा पण फायदा आहे.

तुम्ही फ्रीलान्स करत असाल तर ह्या रविवारी एवढंच करा: तुमचा तिसरा भाव काढा. किती निघाला ते मला कळवा, आकडा सांगायचा नसेल तर नुसतं वर की खाली एवढं सांगा. ऑक्टोबरच्या पहिल्या भागात माझा आकडा मी सांगेनच. तोपर्यंत काळजी घ्या, भेटू.