कावडीवरचा भात
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेले भाषण)



परदेशप्रवासावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. राजवाडे व संग्रहालये यांची वर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत. म्हणून आज मी आपणांस मलेशियातील पेनांग बेटावरच्या जॉर्ज टाउन शहराच्या गल्लीबोळांतून हिंडवून आणणार आहे. शहराचा इतिहास स्मारकांपाशी कळतो. त्याचा स्वभाव मात्र जेवणाच्या वेळी आडगल्लीत शिरल्यावाचून कळत नाही.

इ. स. १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइट याने हे ठाणे वसविले आणि चिनी, तमिळ, अरब, आर्मेनियन असे नाना देशींचे लोक पोटापाण्यासाठी येथे आले. जुन्या दुकानांपुढे छपराखालची सलग पडवी असते. तिला मलय भाषेत ‘काकी लिमा’, म्हणजे ‘पाच फूट’ म्हणतात. ऊन असो वा पाऊस, या पडव्यांतून स्वस्थपणे भटकावे. सेंट जॉर्ज चर्च, क्वान यिन या करुणादेवीचे चिनी मंदिर, महामारिअम्मनचे देवालय आणि कापितान केलिंग मशीद ही सारी अवघ्या काही मिनिटांच्या पायवाटेवर भेटतात. २००८ साली युनेस्कोने या शहराचा जागतिक वारशात समावेश केला तो उगाच नव्हे.

आता भुकेची वेळ झाली. येथील साध्या उपाहारगृहाला ‘कोपितियाम’ म्हणतात. ‘कोपी’ हा मलय शब्द, ‘तियाम’ म्हणजे दुकान हा चिनी होक्कियेन बोलीतला. नावातच दोन समाजांची सोयरीक! मालक चहा-कॉफी विकतो आणि त्याच छपराखाली निरनिराळे विक्रेते आपापल्या गाड्यांवर एकेकच पदार्थ रांधतात. जागा नसेल तर अनोळखी माणसाच्या मेजावर बसावे. त्यात कोणास संकोच वाटत नाही. नवख्याने फलकांपेक्षा गर्दीकडे पाहावे आणि शेजारी जे खात असेल त्याकडे बोट दाखवावे.

‘आसाम लाक्सा’ हे तांदळाच्या शेवयांचे आंबट कालवण मी असेच मागविले. माशाच्या त्या रश्श्यात चिंच असते, शिवाय एका आंबट फळाच्या वाळविलेल्या चकत्या असतात. ते फळ आपल्या कोकमाच्याच कुळातले. कोकणातल्या माणसाला समुद्रापलीकडे आमसुलाची भाऊबंद भेटावी, याचा आनंद काय वर्णावा!

परंतु माझ्या मनात घर केले ते ‘नासी कांदार’ने. ‘नासी’ म्हणजे भात, ‘कांदार’ म्हणजे खांद्यावरची कावड. आपण राहतो त्याच तमिळ मुलखाच्या किनाऱ्यावरून गेलेले मुसलमान विक्रेते कावडीच्या एका टोकाला भाताचे भांडे व दुसऱ्या टोकाला कालवणाचे भांडे लटकावून बंदरावरच्या कष्टकऱ्यांना जेवू घालीत. कावडी गेल्या, दुकाने आली. नाव तेवढे राहिले. आज त्या दुकानांच्या रांगेत मलय, चिनी, तमिळ सारेच उभे असतात. भातावर निरनिराळी कालवणे एकत्र ओतून घेण्याला तेथे ‘बांजिर’, म्हणजे ‘पूर’ असा शब्द आहे. परदेशातून आलेल्यांचे हे अन्न आज पेनांगची ओळख होऊन बसले आहे.

हे का घडले? त्या कावडीवाल्यांनी आपला भात केवळ आपल्या माणसांसाठी राखून ठेवला नाही, म्हणून. दाराआड जपलेली चव बहुधा नातवंडांपर्यंत पोहोचत नाही. रस्त्यावर वाटलेली चव शहराची होते, आणि शहरच ती सांभाळते.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव केला, नाटके केली, दिवाळीचा फराळ केला. मुले मराठीपासून दुरावतात, ही चिंता प्रत्येक सभेत ऐकू येते व ती खरी आहे. त्यांना आपण घरात राहून मराठी बोला असे सांगतो. पण त्यांचे सवंगडी आपल्या पंगतीला कधी बसतात काय? पुरणपोळी आणि थालीपीठ यांची नावे शेजारच्या मुलांच्या तोंडी आली, तर आपल्या मुलांनाही ती अभिमानाने उच्चारावीशी वाटतील.

म्हणून माझी नम्र सूचना आहे. येत्या वर्षापासून उत्सवातील एक पंगत शेजाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी. कूपन नको, वर्गणी नको. वाढायला आपली मुले असावीत आणि प्रत्येक पदार्थाचे नाव त्यांनीच मराठीत सांगावे. आपल्या खांद्यावरची कावड पुढच्या पिढीच्या खांद्यावर देण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.