वेधशाळेची वही आणि खोताची वही

(नागाव, तालुका अलिबाग येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



दिवेलागण झाली, वाडीतले शिंपणे आटोपले, की एस.टी.च्या थांब्यावर, देवळाच्या पायरीवर आणि चहाच्या टपरीवर जी मंडळी जमतात, त्यांच्या बोलण्याचे विषय अलीकडे पालटले आहेत. सुपारीचा भाव, निवडणूक आणि पर्यटकांची वर्दळ हे जुने विषय अद्याप आहेतच. पण त्यांच्या जोडीला मोबाईलवरून आलेल्या विज्ञानवार्ता येऊन बसल्या आहेत. सूर्यावर वादळ उठले म्हणून उपग्रह बंद पडणार, यंत्र माणसासारखे बोलू लागले म्हणून कारकुनांच्या नोकऱ्या जाणार, अमक्या गावच्या मुलाने मोबाईलवरच्या खेळात कोटी रुपये मिळवले, अशा तिन्ही बातम्या एकाच सुरात सांगितल्या जातात आणि त्यांवर एकाच सुरात मते दिली जातात.

या गप्पांना हसण्याची सुशिक्षितांना खोड आहे. ज्याला विज्ञान कळत नाही त्याने त्यावर मत देऊ नये, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे लोकशाहीला मानवणारे नाही. ज्या यंत्राचा बरावाईट परिणाम माणसाच्या संसारावर होतो, त्या यंत्राविषयी मत बाळगण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. खरा प्रश्न निराळा आहे. मत बनवण्यासाठी जो हिशेब लागतो तो या माणसाच्या हाती असतो काय? नसेल, तर तो कोणाच्या हाती असतो?

या प्रश्नाचे एक उत्तर नागावपासून जेमतेम आठ-नऊ किलोमीटरवर, अलिबागच्या किनाऱ्याजवळ उभे आहे. ‘वेधशाळा’ म्हटले की पुष्कळांना पाऊसच आठवतो; परंतु अलिबागची चुंबकीय वेधशाळा पावसाचे भाकीत करीत नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वात क्षणोक्षणी होणारे फेरफार नोंदवणे हे तिचे काम. हे काम मुळात मुंबईस, कुलाब्याच्या वेधशाळेत चालत असे. ती वेधशाळा कंपनी सरकारच्या अमदानीत १८२६ साली निघाली आणि १८४१ पासून तेथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. कंपनी सरकारने हा खटाटोप रयतेच्या कल्याणासाठी केला नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे आपली जहाजे होती. तथापि एकदा सुरू झालेली नोंद इमानाने चालू राहिली.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईची घोड्यांची ट्राम विजेवर चालवण्याचा बेत ठरला. ट्रामच्या रुळांतून आणि जमिनीतून वाहणारा विजेचा प्रवाह नाजूक चुंबकीय उपकरणांना चाळवतो; त्यामुळे कुलाब्याच्या नोंदी निरुपयोगी ठरणार होत्या. त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस, त्या पदावर बसलेले पहिले भारतीय. ट्राम थांबवावी असा हट्ट त्यांनी धरला नाही आणि नोंदींवर पाणीही सोडले नाही. खाडीपलीकडे अलिबागेस लोखंडाचा अंश टाळून, पोरबंदरी दगडाची इमारत उभी राहिली. १९०४ पासून अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या आणि १९०६ पर्यंत कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप झाले, म्हणजे जुन्या आकड्यांशी नव्यांचा सांधा जुळावा. विजेची ट्राम १९०७ साली धावू लागली, तेव्हा वही सुरक्षित स्थळी पोचली होती. शहराला वाहन मिळाले आणि विज्ञानाचा धागाही तुटला नाही. तंत्रज्ञान आले म्हणजे काहीतरी बुडालेच पाहिजे, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. मात्र आधी विचार करणारी एक सार्वजनिक संस्था तेथे होती, हेही विसरता कामा नये.

त्या वहीचा उपयोग काय झाला? सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेले एक प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. त्या दिवशी कुलाब्यात कोणीतरी कर्मचारी नेहमीप्रमाणे उपकरण पाहून हाताने आकडे लिहीत होता. सुमारे दीडशे वर्षे ते आकडे दप्तरात पडून राहिले. पुढे त्सुरुतानी, लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले आणि २००३ साली जगापुढे मांडले, की त्या वेळी कुलाब्याचे चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले होते. एवढी मोठी घसरण नोंदवणारी दुसरी वही सहसा दाखवता येत नाही. मार्च १९८९ मधील वादळाने कॅनडाच्या क्विबेक प्रांतातील साठ लाख लोकांची वीज सुमारे नऊ तास घालवली; आणि १८५९ चे वादळ त्याहून कितीतरी मोठे होते. आज तसे वादळ आले तर काय होईल, याचा अंदाज बांधणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांना कुलाब्याच्या त्या आकड्यांकडे वळावे लागते.

मे २०२४ मध्ये असेच एक जोरदार सौरवादळ झाले आणि लडाखमध्ये हानले येथे आकाशाला तांबूस छटा आल्या. त्या वेळी टपरीवर प्रलयाच्या गोष्टी निघाल्या असतील, तर त्यात नवल नाही. ज्या संस्थेने या वादळांचे मापन शतकाहून अधिक काळ केले ती आपल्याच तालुक्यात आहे, हे त्या गप्पा मारणाऱ्यांना कोणी सांगितले नव्हते.

दुसरा अनुभव याहून कडू आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा कोकणातला जुना विनोद. पण त्या खेपेस हवामान खात्याने आधीच दिलेला इशारा खरा ठरला, किनाऱ्यावरच्या हजारो माणसांना वेळेवर हलवता आले आणि पुष्कळांचे प्राण वाचले. विज्ञानाने आपले काम चोख बजावले. वाड्या मात्र भुईसपाट झाल्या. सुपारीचे झाड लावल्यापासून उत्पन्नाला येईपर्यंत पाच-सात वर्षे जातात. नारळाची कथा तीच. आणि सरकारी मदत जाहीर झाली ती हेक्टरी हिशेबाने, जेव्हा इथली वाडी गुंठ्यांत मोजतात. म्हणजे वाऱ्याचा वेग अचूक मोजणारे शासन वाडीकडे वळले तेव्हा त्याच्या हातातले मापच चुकीचे होते. झाडागणिक मदतीची मागणी लोकांना स्वतः उठून करावी लागली. उपग्रह वादळ दाखवतो. पडलेल्या पोफळीची किंमत ठरवण्याचे काम राजकारणाचे आहे.

आता खेळांकडे वळावे. नागावच्या आणि आसपासच्या किनाऱ्यांना खेळ नवा नाही. वाळूवरच्या बैलगाड्यांच्या शर्यतींचे वेड या तालुक्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्या थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. या शर्यतींविषयी दोन मते असू शकतात. मुक्या जनावराचा कैवार घेणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या शर्यतीत काय घडले ते शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत घडते. कोणती जोडी पुढे गेली, कोणाचे चाक निखळले, हे कोणालाही लपवता येत नाही.

मोबाईलवरच्या पैशांच्या खेळात हेच नेमके नसते. पत्ते कोणी पिसले, समोर बसलेला खेळाडू माणूस आहे की यंत्र, शंभर जणांनी लावलेल्या पैशांपैकी किती परत गेले आणि किती कंपनीने राखले, हे खेळणाऱ्याला दिसत नाही. त्याला फक्त जिंकलेल्या एकाचे हसरे छायाचित्र दिसते. हरलेल्यांचे छायाचित्र कोणी छापत नाही.

तंत्रज्ञान आणि जुगार यांची सोयरीक जुनी आहे. मुंबईचा मटका सुरू झाला तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर पैसे लावण्यापासून. ते भाव येणे बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची युक्ती निघाली आणि नाव पडले मटका. त्याचा सारा भार गिरणगावच्या मजुरीवर पडत असे. कोकणातून गेलेल्या किती चाकरमान्यांच्या मनिऑर्डरी मटक्याच्या आकड्यांवर उधळल्या गेल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आता अड्ड्यावर जाण्याचीही जरूर उरली नाही. अड्डा उशाशी येऊन निजतो.

शासनाचे वर्तन या बाबतीत काय राहिले? रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९६० च्या दशकातला निकाल आहे. त्याच्या आडोशाला मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२३ पासून सरकारने या खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर बसवला. म्हणजे घरातला पोरगा जे हरत होता त्यात सरकारही वाटेकरी झाले. आणि जेमतेम दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कौशल्य आणि नशीब हा भेदच त्यात पुसून टाकला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी शिक्षा सांगितली. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवली नाही, हे योग्यच झाले. सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ पोचते आणि ते वर्षाला २०,००० कोटींहून अधिक रुपये गमावतात, हा अंदाज सरकारनेच त्या वेळी सांगितला. हा अंदाज कर बसवताना कोठे होता, असे विचारण्याचा जनतेला अधिकार आहे.

याच सुमारास, जुलै २०२५ मध्ये, राज्याच्या कृषिमंत्र्यांची विधिमंडळात मोबाईलवर पत्त्यांचा खेळ उघडून बसल्याची चित्रफीत महाराष्ट्रभर फिरली. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. त्यांचे शेतीखाते गेले आणि त्यांच्याकडे क्रीडाखाते आले. यावर टपरीवर जी मते व्यक्त झाली असतील, ती कोणत्याही अग्रलेखाहून कमी बोचरी नसावीत.

कोणी म्हणेल, कंपनीने कोणाचा हात धरून पैसे लावायला सांगितले नव्हते. ज्याचा मोह त्याची जबाबदारी. या आक्षेपाला या तालुक्याच्या इतिहासातच उत्तर आहे. चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला आणि सुमारे सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून उपासमार सोसली. त्यांनाही खोताची बाजू घेणारे हेच सांगत असत: कबुलायतीवर अंगठा तूच उठवलास ना? पण कुळाने किती भात घातले, बाकी किती उरली, याची वही खोताच्या घरी असे. ज्या करारात एकाच्या हाती लेखणी आणि दुसऱ्याच्या हाती फक्त अंगठा असतो, त्याला राजीखुशीचा करार म्हणणे ही थट्टा होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडले. कुळाने अधिक सावध राहावे, असा उपदेश त्यांनी केला नाही; त्यांनी व्यवस्थेवरच बोट ठेवले.

मोबाईलवर ‘मान्य आहे’ या अक्षरांवर टेकणारा अंगठा हा त्याच जातीचा अंगठा आहे. पानांमागून पाने भरलेल्या इंग्रजी अटी कोणी वाचीत नाही, आणि वाचल्या तरी त्यांत बदल करण्याची सोय नाही. वही पुन्हा एकदा खोताच्या घरी गेली आहे. एवढेच की या खोताचा वाडा गावात नाही. त्याच्या दारापर्यंत मोर्चा नेता येत नाही.

बंदीने हा प्रश्न मिटला, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. मटक्यालाही कायद्याची बंदी होती. दाराला कुलूप घातले की खिडकी शोधली जाते, आणि परदेशातून चालणारे खेळ कायद्याला जुमानीत नाहीत. शिवाय मोसमी पर्यटनावर आणि मोडक्या वाडीवर जगणाऱ्या घरातला तरुण रात्री दोन वाजता पैसे लावतो, तो केवळ करमणुकीसाठी नव्हे. सरळ मार्गाने पैसा मिळेल हा त्याचा विश्वास उडालेला असतो. त्याला काम मिळवून देणे हे बंदीइतकेच, किंबहुना बंदीहून अधिक, शासनाचे कर्तव्य आहे.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. लोकांचा पैसा फिरवणाऱ्या प्रत्येक कंपनीचा हिशेब, आणि जो कर तिच्याकडून वसूल झाला त्याचा विनियोग, मराठीत प्रसिद्ध व्हावा. कर्जात बुडालेल्या खेळाडूंच्या घरच्यांना कायद्याचा सल्ला तालुक्याच्या ठिकाणी फुकट मिळावा. तालुक्यातील प्रत्येक शाळेच्या मुलांना वर्षातून एकदा तरी अलिबागच्या वेधशाळेचे काम जाणत्या माणसाकडून समजावून सांगण्याची व्यवस्था व्हावी. नवी मुंबईजवळ नवीन पनवेलला मुख्यालय असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था ही वेधशाळा चालवते. ती जनतेच्या पैशावर चालते, आणि तिचे ज्ञान ही जनतेची मालमत्ता आहे. आणि गावच्या वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ अशी असावी, की मोबाईलवर आलेली बातमी मोठ्याने वाचली जाईल आणि ‘हे कोणी मोजले? मोजलेले कोठे पाहायला मिळेल?’ हे दोन प्रश्न तिला विचारले जातील.

हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. चरीच्या कुळांपाशी पदवी नव्हती. टपरीवरच्या गप्पा चालू राहाव्यात, मतेही बेधडक द्यावीत; फक्त त्यांच्या जोडीला वही मागण्याची सवय लागावी. १८५९ साली ज्या अनाम कर्मचाऱ्याने आकडा जसा दिसला तसा लिहून ठेवला, त्याची वही आज कोणीही उघडून पाहू शकतो. पैशांच्या खेळाची वही तशी उघडत नाही, तोवर त्या खेळाला खेळ म्हणण्याचे कारण नाही.