एक नेमणूक, दोन माणसे

मिशनरी हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा एकच माणूस उभा राहतो. लांब कोट, हातात पुस्तक, चौकात चारदोन माणसे जमवून बोलणारा साहेब. त्याच्यामागे एक घर असते, त्या घरात एक बाई असते आणि तिच्या दिवसालाही चोवीसच तास असतात, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मिशनच्या दप्तरातसुद्धा नेमणूक व्हायची ती पुरुषाची. बाई यायची ती ‘मिशनऱ्याची पत्नी’ म्हणून. काम मात्र दोघांना पुरून उरेल इतके असे. आज ज्या जोडप्याविषयी मी बोलणार आहे, त्यांची गोष्ट अशीच आहे. त्यातल्या एकाचे नाव मुंबईच्या चौपाटीसमोर दगडी इमारतीवर कोरलेले आहे. दुसरे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. हे जोडपे म्हणजे जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन.

जॉन विल्सन यांचा जन्म १८०४ सालचा, स्कॉटलंडमधल्या लॉडर नावाच्या लहानशा गावचा. मार्गारेट बेन ही ग्रीनॉकच्या एका पाद्र्याची मुलगी, चांगली शिकलेली. १८२८ च्या ऑगस्टमध्ये दोघांचे लग्न झाले आणि लगोलग त्यांनी हिंदुस्थानची वाट धरली. सुवेझचा कालवा तेव्हा व्हायचा होता. आफ्रिकेला वळसा घालून शिडाचे जहाज मुंबईला लागले ते १८२९ च्या फेब्रुवारीत. लग्नानंतरचे पहिले दिवस असे जहाजावरच गेले म्हणायचे. मागे राहिलेल्या आईबापांना खुशालीचे पत्र धाडले, तरी ते पोचायला चार-पाच महिने आणि उत्तर यायला तितकेच. म्हणजे एका प्रश्नोत्तराला जवळजवळ वर्ष!

मुंबईत उतरल्यावर दोघे आधी गेली कोकणात, बाणकोट आणि हर्णै येथे. स्कॉटिश मिशनची ठाणी तेव्हा तिथे होती. तिथे जायचे कारण एकच, मराठी शिकणे. आज परभाषा शिकणाऱ्याच्या हाताशी कोश असतो, व्याकरण असते, नाना साधने असतात. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला १८३१ साली. हे जोडपे आले त्याच्या दोन वर्षे आधी. तेव्हा आधार मुख्यतः शास्त्रीबुवांचा आणि आपल्या कानांचा. विल्सनसाहेब काही महिन्यांतच मराठीतून बोलू लागले. विशेष हे, की बाईही त्यांच्या बरोबरीने शिकत होत्या. मेमसाहेबाला आपल्या नोकराचाकरांना हुकूम देण्यापुरते चार शब्द आले तरी त्या काळी पुष्कळ झाले असे मानीत. मार्गारेटबाईंना तेवढ्याने भागणार नव्हते. त्यांना मुलींना शिकवायचे होते आणि मुलींच्या आयांशी बोलायचे होते. त्या आयांशी पुरुष मिशनऱ्याला बोलता येणे शक्यच नव्हते. म्हणून मराठी ही त्यांच्या कामाची पहिली गरज ठरली.

१८२९ साल संपायच्या आत दोघे मुंबईत येऊन राहिली, आणि मग जी कामाची गर्दी सुरू झाली ती थांबली नाही. ती मुंबई आजच्यासारखी नव्हती. आगगाडी नव्हती, ती आली १८५३ मध्ये. विद्यापीठ नव्हते, ते झाले १८५७ मध्ये. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’सुद्धा अजून निघायचे होते, ते निघाले १८३२ च्या जानेवारीत. अशा शहरात या दोघांनी किती कामे अंगावर घेतली ते पाहा.

विल्सनसाहेबांची एक बाजू उपदेशाची आणि वादाची. घरी व्याख्याने होत, शास्त्री-पंडितांशी जाहीर वाद होत. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांशी झालेला वाद गाजला. मोरभटांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली आणि विल्सनसाहेबांनी त्यावर उत्तर छापले. इकडून पुस्तक, तिकडून पुस्तक, असा तो मामला. दुसरी बाजू लेखनाची. १८३० मध्ये ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ नावाचे मासिक सुरू झाले, त्याचा भार. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांसाठी, म्हणजे आपल्या शनवार तेल्यांसाठी, त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरणाची प्राथमिक माहिती देणारे पुस्तक १८३२ मध्ये काढले. तिसरी बाजू शाळेची. त्याच १८३२ साली गिरगावात आंब्रोळीला इंग्रजी शाळा निघाली, आणि विल्सन कॉलेजचे मूळ तेच. चौथी बाजू प्रवासाची. थंडीचे दिवस आले की साहेब निघाले मुलखात. नाशिक, जालना, वेरूळ, गोवा, सुरत, काठेवाड. बैलगाडी, घोडा, होडी, जे मिळेल ते वाहन, आणि असे महिनेच्या महिने.

आता हिशेबाचा प्रश्न येतो. साहेब महिनेच्या महिने मुलखात, तर मुंबईतले काम कोण पाहत होते? मासिकाचा मजकूर, पत्रव्यवहार, शाळांची देखरेख, दारी येणारी माणसे? उत्तर उघड आहे. आणि मार्गारेटबाईंचे स्वतःचे म्हणून जे काम होते, ते याखेरीज!

ते काम मुलींच्या शाळांचे. मुंबईत मुलींची शाळा अगदीच नवी नव्हती. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्ये अशी पहिली शाळा काढली होती, आणि १८२७ मध्ये आलेल्या मिस सिंथिया फरार त्या मिशनचे हे काम पाहत होत्या. पण म्हणून वाट सोपी झाली होती असे नाही. विल्सनबाईंनी मुंबईत पाय ठेवल्यावर थोड्याच काळात पाच-सहा शाळा उभ्या केल्या आणि त्यांत शंभराहून अधिक मुली जमवल्या.

शाळा म्हटल्यावर इमारत, बाके, घंटा असे काही आणू नका डोळ्यांपुढे. गल्लीतली भाड्याची खोली, जमिनीवर बसलेल्या पोरी, आणि शिकवायला पंतोजी. पंतोजी, कारण लिहितावाचता येणारी बाई आणायची कोठून? वाचन, लेखन, शिवणकाम आणि ख्रिस्ती धर्माचे शिक्षण असा अभ्यास. रोज मुली गोळा करायच्या म्हणजे दारोदार जाऊन आयांना समजावायचे. ‘पोरगी शिकून कोणाच्या कचेरीत बसणार आहे?’ हा त्या काळच्या आईचा सवाल, आणि खरे सांगायचे तर त्या आईच्या दृष्टीने तो वावगा नव्हता. पोरगी घरी असली तर धाकटे भावंड सांभाळते, पाणी भरते. बरे, आज हौसेने आलेली मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की तिचे लग्न ठरायचे आणि शाळा सुटायची. जेमतेम बाराखडी संपवून ती वाचू लागे, तोच पाटी खाली. पुन्हा नवी मुलगी, पुन्हा श्रीगणेशा. ज्यांनी लहान मुलांची शाळा चालवली आहे त्यांना यातला शिणवटा सांगायला नको.

या शाळांविषयी लोकांच्या मनात संशय होता, आणि त्याला कारणही होते. विल्सन दांपत्य येथे आले होते ते ख्रिस्ती धर्माचा प्रसार करण्यासाठी. ते त्यांनी कधी लपवले नाही. शाळा हे त्या कार्याचेच अंग होते. पुढे १८३९ मध्ये विल्सनसाहेबांच्या शाळेतल्या दोघा पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शहरात केवढी खळबळ उडाली! प्रकरण कोर्टात गेले आणि शाळेतली मुले भराभर काढून नेली गेली. आईबापांचा जीव का घाबरा झाला असेल, हे कोणत्याही धर्माच्या माणसाला कळण्यासारखे आहे. धर्मांतराविषयी आपणा श्रोत्यांची मते निरनिराळी असणार, आणि असावीत. परंतु मत कोणतेही असो, गल्लीतल्या खोलीत बसून मुलीच्या हाताला धरून मराठी अक्षर गिरवून घेण्याचे काम कोणीतरी केले, ही गोष्ट शिल्लक राहतेच.

याच्या जोडीला घर होते. मुले झाली. १८३१ मध्ये झालेला थोरला अँड्र्यू पुढे मुंबईत वर्तमानपत्राचा संपादक झाला, आणि हिमालयातल्या प्रवासावर त्याने लिहिलेले पुस्तक १८७५ साली निघाले. पण मुले वाढवायची ती कशा हवेत? परदेशी मुलांना मुंबईचा उन्हाळा आणि पावसाळ्यातले ताप सोसत नसत. थोडी मोठी झाली की त्यांना मायदेशी पाठवून देण्याची या लोकांत चाल होती. दुसऱ्यांच्या लेकरांना शिकवायचे आणि आपली लेकरे सात समुद्रांपलीकडे धाडायची, असा हा संसार. सकाळी भाषेचा अभ्यास, मग शाळा, मग घर, मग मासिकासाठी लेखन आणि भाषांतर, दिवेलागणीला येणारेजाणारे, आणि जहाज सुटायच्या आधी संपवायची पत्रे. विसावा कोठे घ्यावा?

१८३५ च्या आरंभी विल्सनसाहेब काठेवाडात होते. त्या प्रवासात त्यांनी गिरनारचा शिलालेख पाहिला. त्या लेखाची नक्कल त्यांच्या खटपटीने कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेली, आणि सम्राट अशोकाचे लेख वाचण्याच्या कामी तिचा मोठा उपयोग झाला. आपल्या देशाच्या इतिहासाचा एक बंद दरवाजा उघडायला त्या प्रवासाने हातभार लावला. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात मुंबईत मार्गारेटबाईंचा मृत्यू झाला. मुंबईत येऊन त्यांना उणीपुरी सहा वर्षे झाली होती.

मागे उरलेल्या विल्सनसाहेबांनी दोन गोष्टी केल्या. पत्नीची पत्रे आणि लेखन एकत्र करून तिचे चरित्र लिहिले. ते १८३८ मध्ये एडिंबरोला प्रसिद्ध झाले. आज मार्गारेटबाईंविषयी आपणांस जे काही कळते ते मुख्यतः त्यामुळे. आणि शाळा बंद पडू दिल्या नाहीत. त्यासाठी स्कॉटलंडहून कोण आले? मार्गारेटबाईंच्या दोघी बहिणी! ज्या हवेने बहीण नेली त्याच हवेत त्या दोघी आल्या आणि त्यांनी तेच काम उचलले. १८४६ मध्ये विल्सनसाहेबांनी दुसरे लग्न केले. त्यांच्या या पत्नी इझाबेलाबाई, त्यांनीही मुलींच्या शाळांना वाहून घेतले. १८६७ मध्ये त्याही निवर्तल्या.

विल्सनसाहेबांना आयुष्य लाभले. १८५७ मध्ये मोल्सवर्थ कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. तिला मराठी भाषेच्या घडणीविषयी त्यांचे विवेचन जोडलेले आहे. बाणकोटला बाराखडी घोकणारा माणूस अठ्ठावीस वर्षांनी मराठीच्या कोशासाठी लिहितो, ही काही लहान मजल नव्हे. १८६२ च्या महाराज लायबल खटल्यात त्यांची साक्ष झाली. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६४ मध्ये आफ्रिकेतून मुंबईला आला तेव्हा त्याने आपल्याबरोबरची दोन आफ्रिकन मुले यांच्याच शाळेत ठेवली. १८६८ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १ डिसेंबर १८७५ रोजी ते वारले ते मुंबईतच. चौपाटीसमोरची कॉलेजची इमारत त्यानंतरची, १८८९ ची.

आता या दोन आयुष्यांची बेरीज कशी करायची? साहेबांची कामे मोजता येतात. पुस्तके, वाद, पदव्या, कॉलेज. बाईंचे काम मोजायला गेले तर हातात काय येते? बाराखडी शिकून सासरी गेलेल्या मुली. त्यांची नावे पटावर असतील, पण त्या पुढे कोठे गेल्या, त्यांतल्या कोणी आपल्या मुलीला अक्षर दाखवले का, हे कोण सांगणार? मात्र असले काम वाया जात नाही, याची खूण आपल्या इतिहासात आहे. मिस फरार १८३९ मध्ये अहमदनगरला गेल्या. त्यांची तिथली मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनाने घेतले आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. जोतीराव स्वतः पुण्याच्या ज्या शाळेत शिकले ती स्कॉटिश मिशनची. मुंबईत १८४९ मध्ये एल्फिन्स्टनच्या तरुण विद्यार्थ्यांनी मुलींच्या शाळा उघडल्या. त्या आपल्या माणसांनी, आपल्या बळावर. त्यांचे श्रेय त्यांचेच. परंतु मुलगी शाळेत जाऊ शकते, आणि गेली तर आकाश कोसळत नाही, ही गोष्ट मुंबईच्या गल्ल्यांनी त्याआधी वीस वर्षे पाहिलेली होती. डोळ्यांना सवय लावण्याचे हे काम फार सावकाश होते आणि ते करणाऱ्याचे नाव राहत नाही.

गावदेवीची सेंट कोलंबा ही मुलींची शाळा आपला उगम १८३२ सालापर्यंत, विल्सनबाईंच्या शाळेपर्यंत नेऊन भिडवते. तिच्या नावातही बाईंचे नाव नाही. त्याविषयी त्यांनी तक्रार केली असती असे मला वाटत नाही, तेवढी फुरसत त्यांना मिळाली असती कुठे? पण आपण हिशेब नीट ठेवायला हरकत नाही. आपल्याकडेही गावच्या मास्तरांच्या मागे, वैद्यांच्या मागे, चळवळीत तुरुंगात गेलेल्या कार्यकर्त्याच्या मागे असे एक माणूस राबत होते. आल्यागेल्याचे ताट वाढत होते, दुखलेखुपलेले पाहत होते, मालक परगावी गेला की त्याचे कामही पाहत होते. गावोगाव अशा जोडप्यांच्या हकिगती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. त्या विचाराव्यात, लिहून ठेवाव्यात आणि लिहिताना नावे दोन्ही लिहावीत.